पाचव्या ओळीवरचा जुना पत्ता

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कपाटात दोरीने बांधून ठेवतात तसली कागदी नव्हे. संगणकात राहणारी, एके काळी एकतीस ओळींची, एका टिचकीत पुसली जाईल एवढीशी. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जिवाला कसले आले आहे आत्मवृत्त? मलाही तसेच वाटायचे. पण माझ्यामुळे एका मुलीला खोटे ठरवले गेले, एका बाईच्या उजव्या हातातले बळ गेले, आणि हे सगळे होत असताना मी तिथेच होते. हे ओझे कुणाजवळ तरी उतरवायला हवे. मला तोंड नाही हे खरे. पण फाटक्या छत्र्या आणि मोडक्या खुर्च्या इतकी वर्षे तुमच्याशी बोलत आल्या आहेत, त्यात आणखी एक मी.

आधी माझे काम सांगते. माणसे प्रोग्राम लिहितात तो ओळीखाली ओळ, त्यांना स्वतःला वाचता येईल असा. यंत्राला तो तसा वाचता येत नाही, म्हणून त्याचे आकडे करून ते यंत्रात भरतात. पुढे यंत्र अडखळले, तर चूक शोधायला आणखी एक प्रोग्राम असतो. त्याला डीबगर म्हणतात. तो यंत्राच्या पोटात डोकावतो आणि सांगतो की अमुक फाईलच्या अमुक ओळीवर गाडे अडले आहे. पण ती ओळ माणसांना पडद्यावर दाखवायची, तर मूळ मजकूर कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे त्याला ठाऊक हवे. ते मी सांगते. डीबगर सुरू झाला की सगळ्यांत आधी मला वाचतो. माझ्यात फोल्डरांचे पत्ते एकाखाली एक लिहिलेले असतात. पहिल्या पत्त्यावर फाईल मिळाली तर तो ती उचलतो, नाही मिळाली तर पुढच्या पत्त्यावर जातो. मिळालेली फाईल ताजी की शिळी, हे तो पाहत नाही. मीही पाहत नाही. आम्हां दोघांना ते कुणी शिकवलेच नाही.

मला लिहिले सावकाश सरांनी. हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. कुणी घाईने काही विचारले की ते हात वर करून म्हणायचे, "सावकाश," म्हणून सगळे त्यांना तसेच म्हणू लागले. रस्त्याच्या एका बाजूला मोठे रुग्णालय आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर आमची लांबट खोली. खोलीत सहा टेबले, आणि खिडकीजवळच्या टेबलावर माझा संगणक. इथे औषधाचे पंप बनवायचे. वीतभर उंचीची पेटी, तिच्यात औषधाने भरलेली सिरिंज. ती पेटी सिरिंजचा दट्ट्या इतका हळू पुढे ढकलते की रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध जात राहते. ज्याचा रक्तदाब खाली खाली जातो आहे, त्याला असा पंप म्हणजे अक्षरशः जीव की प्राण. त्या पंपातला प्रोग्राम सावकाश सरांनी लिहिला होता, आणि त्यातल्या चुका शोधायला त्यांनी मला लिहिले. तेव्हा मी चार ओळींची होते. दर ओळीशेजारी ती कशासाठी आहे हे त्यांनी सुवाच्य मराठीत लिहून ठेवले होते. ते मला पडद्यावर उघडायचे आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "ही माझी गुणी पोर." मी किती फुगत असेन, तुम्हीच विचार करा.

मग खोलीत माणसे वाढली आणि माझ्या ओळीही वाढल्या. जो येई तो आपल्या सोयीची एक ओळ माझ्यात टाकून जाई. कुणी आपल्या फोल्डरचा पत्ता घातला, कुणी पेनड्राइव्हचा. एकाने तर भंगारात गेलेल्या संगणकाचा पत्ता घातला होता. तो संगणक केव्हाच वितळून त्याचे काहीतरी झाले असेल, माझ्यात मात्र त्याचे घर शाबूत होते. एका ओळीशेजारी लिहिले होते, "ही का चालते माहीत नाही, पण काढू नये." त्या खोलीचा एक अलिखित नियम होता: दुसऱ्याची ओळ पुसायची नाही. "असू दे, कुणाचं तरी अडत असेल," असे म्हणत सगळे पुढे जात. ज्यांचे अडायचे ती माणसे नोकऱ्या सोडून गेली, त्यांच्या ओळी राहिल्या. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. घरातही नाही का, कुठल्या कुलपाची हे माहीत नसलेली किल्ली वर्षानुवर्षे खिळ्याला लटकत राहते, तसेच.

पण ज्या ओळीने घात केला ती परक्याची नव्हती. ती सावकाश सरांचीच होती.

झाले असे. सगळ्यांचा मूळ मजकूर ज्या मोठ्या संगणकावर असायचा, तो बदलून नवा आणायचा ठरले. दोन दिवस कुणालाच तिथले काही मिळणार नव्हते. सरांचे काम अडले होते, म्हणून त्यांनी पंपाच्या काही फायलींची एक प्रत खिडकीजवळच्या संगणकावर काढून ठेवली आणि माझ्यात पाचव्या ओळीवर, सुरुवातीच्या सूचनांच्या खाली पण बाकीच्या सगळ्या पत्त्यांच्या वर, त्या फोल्डरचा पत्ता घातला. शेजारी लिहिले, "तात्पुरते. दोन दिवसांनी काढणे." दोन दिवसांनी नवा संगणक सुरू झाला. सर त्या दिवशी आले नाहीत, त्यांच्या पत्नीला ताप होता. आले तेव्हा दुसरेच काम पुढ्यात होते. तीन महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी टेबल रिकामे केले, खण पुसून घेतला, खुर्ची आत सरकवली. मला उघडायचे राहून गेले. पाचव्या ओळीवरचे दोन दिवस पुढे एकोणीस महिने चालले.

ती प्रत काढण्याच्या थोडे आधी खोलीत एक मुलगी आली होती. वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तिला धाकटी म्हणत. तिने पंपाच्या त्याच फायलींपैकी एकीत दोनशे बाराव्या ओळीवर एक ओळ लिहिली होती: बॅटरीकडून उत्तर येईपर्यंत थांब. हे तिचे पहिलेच काम. पुढे तिच्याच लक्षात आले की उत्तर कधी आलेच नाही तर पंप थांबूनच राहील. तिने ती ओळ बदलली, नवा प्रोग्राम तपासून घेतला आणि स्वतः रुग्णालयात जाऊन प्रत्येक पंपात भरून आली. कुठल्या पंपात कधी भरला याच्या वहीत चौदा वेळा खूण केली. त्या पंपांच्या छोट्या पडद्यावर फक्त औषधाचे प्रमाण दिसते. आत नवा प्रोग्राम आहे की जुना, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. तिची ती वहीतली खूण हाच पुरावा.

माझ्या पाचव्या ओळीवरच्या प्रतीत मात्र तिची जुनी ओळ तशीच होती. तिथे कुणी काही बदलणार तरी कसे? ते फोल्डर आहे हेच कुणाला माहीत नव्हते. मधल्या काळात कधी कधी पडद्यावरचा मजकूर आणि यंत्राचे वागणे यांचा मेळ बसायचा नाही. मग कुणीतरी म्हणायचे, "हा डीबगर जरा चक्रमच आहे," आणि चहाला जायचे.

आणि मग एका सोमवारी सकाळी रुग्णालयातला एक पंप थांबला. ना घंटी वाजली, ना दिवा लागला. नशीब की परिचारिका नाडी बघायला आली होती. तिने दट्ट्या हलत नसल्याचे पाहिले आणि हाताने औषध दिले. रुग्णाला काही झाले नाही. पण घंटी न वाजवता थांबणारा पंप म्हणजे काय, हे आमच्या खोलीतल्या सगळ्यांना कळत होते. दुरुस्तीचे काम करणाऱ्या माणसाला आमच्याकडे पाना म्हणतात, कारण त्याच्या खिशात तो कायम असतो. तो पाना पंप तसाच, बंद न करता, बॅटरीवर घेऊन धावत आला. पंपाला डीबगर जोडला. डीबगरने मला वाचले. आणि पडद्यावर दोनशे बारावी ओळ झळकली: बॅटरीकडून उत्तर येईपर्यंत थांब.

खोलीच्या प्रमुखबाई मागे उभ्या होत्या. त्या वाईट नाहीत, हे मी आधीच सांगते. पण त्या दिवशी रुग्णालयाचा फोन सारखा वाजत होता.

"ही तुझी ओळ ना?" त्यांनी विचारले.

"होती," धाकटी म्हणाली. "मी बदलली ती, मॅडम. वर्ष होऊन गेलं."

"मूळ फाईलमध्ये बदललीयेस, ते मी पाहिलं. पण या पंपात ती जुनीच आहे. समोर दिसतंय. म्हणजे नवा प्रोग्राम या पंपात गेलाच नाही."

"मी भरलाय. वहीत खूण आहे."

"खूण करायला काय लागतं ग?"

मित्रांनो, मला त्या क्षणी ओरडायचे होते. पंप बरोबर आहे, मुलगी बरोबर आहे, मी चुकीचा पत्ता सांगते आहे! पंपाने फक्त 'दोनशे बारा' एवढेच सांगितले होते; त्या आकड्यापुढे मजकूर मांडला तो मी नेऊन दाखवलेल्या जुन्या प्रतीतून. पण फाईलला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मला कुणी विचारले नाही.

"डीबगर खोटं बोलत नाही," प्रमुखबाई म्हणाल्या, आणि तिथे तो विषय संपला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी माझ्या डोळ्यांदेखत पाहिले. धाकटीकडून लेखी खुलासा घेतला गेला. संध्याकाळी ती खिडकीशी उभी राहून बहिणीशी फोनवर बोलत होती.

"नाही ग ताई, मी केलं होतं... हो, सगळ्यांत... आता चौदाच्या चौदा म्हटल्यावर एखादा राहिलाही असेल. कसं सांगू? ... तूच सांग, समोर दिसतंय ते खोटं आणि मला आठवतंय तेवढं खरं, असं कसं म्हणू मी?"

पलीकडून ताई काहीतरी मोठ्याने बोलत होती. धाकटी म्हणाली, "सही केली मी," आणि फोन ठेवला. मला सगळ्यांत जास्त लागले ते हे. इतरांनी तिच्यावर अविश्वास दाखवला ते एक वेळ ठीक. पण माझ्यामुळे तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला.

त्याच सोमवारी संध्याकाळी प्रमुखबाई स्वतः पानाला घेऊन रुग्णालयात गेल्या. या वेळी हलगर्जीपणा नको म्हणून प्रत्येक पंपात त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली प्रोग्राम पुन्हा भरला. पहिला पंप पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला, पुढे एकेका पंपाला दहा मिनिटे लागली. पंप छान चालू लागले. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. कुठे काही तक्रार नाही. मग तर खात्रीच पटली की चूक धाकटीचीच होती. तिच्याकडचे पंपाचे काम काढून घेतले आणि तिला कोपऱ्यातल्या टेबलावर माहितीपुस्तिकांतल्या छपाईच्या चुका तपासायला बसवले. कुणी तिला टाकून बोलले नाही. जेवायला बोलवायचे, डबा पुढे करायचे. फक्त तिने काही सांगितले की नंतर दुसऱ्या कुणाला तरी हळूच विचारून खात्री करून घ्यायचे. ती ते ऐकायची आणि पुस्तिकेचे पान उलटायची.

सात आठवडे असे गेले. सात आठवड्यांनंतरच्या मंगळवारी सकाळी दहा वाजून तेरा मिनिटांनी रुग्णालयातला एक पंप थांबला. पुन्हा तसाच, मुकाट्याने. तो एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना लावलेला होता. त्या दोन दिवसांपूर्वी दाखल झाल्या होत्या आणि त्यांचा रक्तदाब फक्त त्या औषधावर टिकून होता. पलीकडच्या खाटेवर धावपळ चालली होती, त्यामुळे या पंपाकडे लक्ष जायला अकरा मिनिटे लागली. तोवर दहा तेवीसला दुसराही पंप थांबला होता. मग मात्र परिचारिकांनी डोळ्यांत तेल घालून प्रत्येक खाटेशी एकेक जण उभा केला.

पाना जिना दोन-दोन पायऱ्या चढत आला. हातात पंप, बॅटरीवर चालू. "बाई, एकामागून एक थांबतायत! सिस्टर विचारतायत, सगळे काढून टाकू का? पण काढून लावायचं काय? दुसरे पंपच नाहीत त्यांच्याकडे!"

डीबगर जोडला. डीबगरने मला वाचले. मी तोच पत्ता सांगितला. दोनशे बारा: बॅटरीकडून उत्तर येईपर्यंत थांब.

प्रमुखबाई पडद्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. "हा तर मी भरलाय," त्या म्हणाल्या. "माझ्या समोर भरलाय. यात जुनी ओळ असणं शक्यच नाही."

कोपऱ्यातल्या टेबलाची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. धाकटी आली. तिला कुणी बोलावले नव्हते. ती प्रमुखबाईंना म्हणाली, "जरा उठता का?" त्या उठल्या. धाकटीने डीबगरला एकच प्रश्न टाकला, जो गेल्या खेपेला कुणालाच सुचला नव्हता: तू हे वाचतो आहेस कुठून?

डीबगरने फोल्डरचे नाव सांगितले. ते नाव खोलीतल्या एकानेही कधी ऐकले नव्हते.

"हे काय आहे?" प्रमुखबाई.

"थांबा," धाकटी म्हणाली, आणि तिने मला उघडले.

किती दिवसांनी मला माणसाच्या डोळ्यांनी पाहिले असेल! ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती. पाचव्या ओळीवर तिचे बोट थांबले. "तात्पुरते. दोन दिवसांनी काढणे," तिने मोठ्याने वाचले. तिने ती ओळ पुसली. कुणाला विचारले नाही, कुणाचे अडेल का याचा विचार केला नाही. डीबगर पुन्हा सुरू केला.

आता मी पुढचा पत्ता सांगितला, तो खरा होता. मधल्या बदलांत ओळी खाली-वर सरकल्या होत्या, त्यामुळे पडद्यावर दोनशे बारावी ओळ आली ती निराळीच: पुढच्या थेंबाची वेळ होईपर्यंत थांब. पंपाच्या आत एक घड्याळ असते, ते सुरू केल्यापासूनचे क्षण मोजत जाते. मोजता मोजता त्याचे आकडे संपतात आणि ते पुन्हा शून्यावर येते. तसे झाले की 'पुढच्या थेंबाची वेळ' पंपाला कित्येक दिवस लांब वाटू लागते, आणि तो बिचारा शहाण्यासारखा वाट पाहत बसतो. घंटीही त्याच घड्याळावर चालायची, म्हणून तीही गप्प. एरवी पंप मधूनमधून बंद होत, म्हणून ही वेळ सहसा यायचीच नाही; या वेळी मात्र त्या सोमवारपासून ते बंद झालेच नव्हते.

धाकटीने कागदावर गुणाकार केला. "एकोणपन्नास दिवस, सतरा तास आणि तीन मिनिटं," ती म्हणाली. "तुम्ही त्या सोमवारी पाच दहाला पहिला पंप चालू केलात. आज दहा तेराला तो थांबला. मग दर दहा मिनिटांनी पुढचा." तिने घड्याळाकडे पाहिले. "पाना, फोन लाव. प्रत्येक पंप बंद करून लगेच चालू करायला सांग. एकेक. हाताने औषध देत देत. लगेच!"

पाना फोनवर ओरडत सुटला. त्या दिवशी आणखी तीन पंप थांबले, पण शेजारी माणूस उभा होता. बाकीचे वाचले.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी आज मान वर करून बोलले असते. पण ती अकरा मिनिटे कुणाला परत आणता येणार होती? शिवणकाम करणाऱ्या बाई वाचल्या, बोलू लागल्या, पण त्यांचा उजवा हात उचलला जाईना. डॉक्टर म्हणाले, थोडे बळ येईल, पूर्वीसारखे नाही. आणि सात आठवड्यांपूर्वी मी खरा पत्ता सांगितला असता, तर त्या घड्याळाची चूक तेव्हाच सापडली असती आणि त्या बाईंच्या वाटेला ती अकरा मिनिटे आलीच नसती.

दुसऱ्या दिवशी धाकटीने मला पुढ्यात घेतले. माझ्या एकेका ओळीसमोर ज्याचे नाव होते त्याला शोधून तिने फोन केला. "तुमची ओळ आहे, अजून लागते का?" बहुतेकांना आपण असे काही लिहिल्याचे आठवतही नव्हते. एक जण तर हसून म्हणाला, "अग, तो संगणक मीच भंगारवाल्याला दिला होता!" संध्याकाळपर्यंत एकतीसांपैकी सहाच ओळी उरल्या. प्रत्येकीशेजारी तिने कशासाठी, कुणी आणि कधीपर्यंत हे लिहिले.

शेवटचा फोन तिने मुद्दाम मागे ठेवला होता. तो सावकाश सरांना.

"सर, ती पाचवी ओळ तुमची होती," ती म्हणाली. मग तिने पुढे सांगितले, "आणि घड्याळाची ओळही. तुमच्या शेवटच्या आठवड्यातली."

सर म्हणाले, "दोन दिवसांनी काढतो म्हणालो होतो ग मी." आणि लगेच विचारले, "तुझ्यावर आलं होतं का हे?"

"हो."

"मला का नाही विचारलंस?"

"मला वाटलं, तुम्ही कशाला चुकाल."

मला लिहिणारा माणूस चुकला याचे मला दुःख झाले, पण त्याहून जास्त दुःख याचे झाले की सगळ्यांत सावकाश माणसालासुद्धा फक्त एकदा घाई झाली होती, आणि ती निस्तरायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. प्रमुखबाईंनी धाकटीचा खुलासा कपाटातून काढला आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात दिला. "फाडून टाक," त्या म्हणाल्या, "आणि मला माफ कर." धाकटीने तो फाडला नाही. "राहू द्या मॅडम. त्याच्याखाली खरं काय झालं ते लिहा आणि सही करा. कुणी पुढे शोधलं तर दोन्ही सापडू दे." बाईंनी तिथेच बसून पान भरून लिहिले. पंपाचे काम तिच्याकडे परत आले. तरी अजूनही कधी कधी, एखादे साधे उत्तर देतानाही, ती बोलता बोलता थांबते आणि वहीत बघून येते. तिची ती सवय काही जाणार नाही असे वाटते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी फाईल नसेल. पण ज्यांच्यावर विसंबून तुम्ही दुसऱ्याला खरे-खोटे ठरवता अशा वस्तू तुमच्याकडेही असतील: भिंतीवरचा तक्ता, वर्गातली यादी, घरातली फोनची वही. त्या जे सांगतात ते खणखणीत आवाजात सांगतात. त्यांना आपण शिळे झालो हे समजत नाही. म्हणून मधून मधून त्या उघडून बघा. ज्याचे काम संपले ती ओळ पुसा, पुसण्याआधी ती ज्याची त्याला विचारा, पण पुसायचे टाळू नका. आणि समोरचे माणूस "मी केलं होतं" असे म्हणत असेल, तर त्याला खोटे म्हणण्याआधी एकदा आम्हांलाच विचारा की तू हे वाचतो आहेस कुठून.

एवढे सांगून मी थांबणार होते, पण काल पाना जे सांगत होता ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सावकाश सर त्याला बरोबर घेऊन त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी गेले होते. दार बाईंच्या सुनेने उघडले. सर उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "तो पंप मी बनवला. त्यातली चूक माझी होती." सून बाजूला झाली. आत बाई मशीनसमोर बसल्या होत्या. मशीनवर कापड नव्हते. त्यांनी सरांचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले. ना रागावल्या, ना "असू द्या" म्हणाल्या. मग डाव्या हाताने डब्यातून एक सुई काढली, दोऱ्याचे रीळ काढले आणि दोन्ही त्यांच्या पुढ्यात ठेवले. "मला ओवता येत नाही आता," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओवा." सरांनी चष्मा लावला. पहिल्यांदा दोरा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. पाचव्या वेळी दोरा गेला. बाईंनी सुई घेतली, उजेडात धरून पाहिली, आणि डब्यातून दुसरी सुई काढून त्यांच्यापुढे ठेवली.